घबराटीतली बंदूकखरेदी: रांगेतला भाव आणि टेबलावरचा भाव

मागच्या अंकात मी ओघात लिहिलं होतं, की अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका बंदुका आणि शिकारीच्या साहित्याच्या दुकानाचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळले. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्याच विषयाला देते आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

अमेरिकेत मोठा गोळीबार झाला की लोक बंदुका घ्यायला धावतात, असं वाचतो. खरं तर माणूस बंदुकीपासून लांब जायला हवा. हे उलटं का होतं? आणि भाव वाढतात म्हणजे किती?
— एक वाचक, सांगली

लोक धावतात ते घटनेनंतर येऊ शकणाऱ्या कायद्याच्या धास्तीने. 14 डिसेंबर 2012 ला कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउनमध्ये सँडी हुक शाळेत एका तरुणाने 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली. मुलं सहा-सात वर्षांची होती. तो शुक्रवार होता. मी मागच्या खोलीत बिलं लावत होते, पुढे काउंटरवर रेडिओ चालू होता. त्या दुपारी दुकानात कोणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आणि शनिवारी सकाळी कुलूप काढायच्या आधीच दारात माणसं उभी! बहुतेकांना एकच वस्तू हवी होती, एआर-15 जातीची, म्हणजे लष्करी धाटणीची अर्धस्वयंचलित रायफल. शाळेत वापरलेली रायफल त्याच जातीची होती, आणि बंदी आलीच तर पहिली हिच्यावर येणार हे सगळ्यांना कळत होतं.

या धास्तीला जुना आधार होता. सप्टेंबर 1994 ते सप्टेंबर 2004 अशी दहा वर्षं या प्रकारच्या रायफलींवर आणि दहापेक्षा जास्त काडतुसं मावणाऱ्या मॅगझीनवर तिथल्या केंद्र सरकारची बंदी होती. (मॅगझीन म्हणजे काडतुसं भरायची ती काढघाल करता येणारी पेटी.) पण बंदीच्या आधी तयार झालेला माल बाळगायला आणि विकायला मोकळीक होती. त्यामुळे जुन्या मॅगझीनना सोन्याचे दिवस आले. ज्यांनी ते दशक पाहिलं होतं त्यांच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला: बंदीच्या आधी घेतलं ते आपलं, आणि वर त्याची किंमतही वाढणार. घाबरून घेतानाही मनाच्या कोपऱ्यात हा फायद्याचा विचार असतोच.

आता भाव. डिसेंबर 2012 च्या सुरुवातीला आमच्याकडे साधी एआर-15 आठशे-नऊशे डॉलरला जात होती. जानेवारीत तशाच रायफलीला दीड हजार, कुठे कुठे दोन हजारही मोजणारे होते. तेरा-चौदा डॉलरचं प्लॅस्टिकचं मॅगझीन पन्नासच्या वर गेलं. मॅगझीनचा भाव रायफलीपेक्षा जास्त पटीने चढला, कारण रायफल माणूस एक घेतो आणि मॅगझीन दहा.

दुकानदाराने बंदूक विकण्याआधी एफबीआय ही अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासते. ही व्यवस्था नोव्हेंबर 1998 पासून आहे. डिसेंबर 2012 मध्ये अशा तपासण्या 27 लाखांच्या पुढे गेल्या, तोवरचा उच्चांक. एक तपासणी म्हणजे एक विक्री असं मात्र धरू नका. परवान्यांसाठीच्या तपासण्याही त्याच आकड्यात येतात, आणि एका तपासणीवर दोन बंदुकाही घेता येतात. पण लाट किती मोठी आहे ते त्यावरून कळतं.

ज्या बंदीसाठी ही धावपळ झाली ती आलीच नाही. एप्रिल 2013 मध्ये सिनेटमध्ये तो प्रस्ताव 40 विरुद्ध 60 मतांनी पडला.

नोव्हेंबर 2016 मध्ये आपल्याकडे मीठ संपणार अशी अफवा उठली होती. लोकांनी भरमसाट भावाने मीठ घेतलं, पण दोन-चार दिवसांत सगळं थंडावलं. मग काडतुसांची टंचाई तिथे वर्ष-वर्ष का टिकते? कारखाने जास्त माल का काढत नाहीत?
— अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक

तुलना चांगली आहे, कारण फरक त्यातूनच दिसतो. माणूस मीठ खाऊन खाऊन किती खाणार? सरकारने सांगितलं की साठा भरपूर आहे, दुकानात पुन्हा पोती दिसली, विषय मिटला. काडतुसं कोरड्या जागी ठेवली तर कित्येक वर्षं चांगली राहतात, म्हणून साठवणाऱ्याला थांबायचं कारण नसतं. आणि उद्या मिळेल का, याची हमी द्यायला तिथे कोणी पुढे येत नाही. उलट वॉशिंग्टनमधलं प्रत्येक भाषण नवी धास्ती घालतं.

कारखान्यांचं सांगते. साध्या .22 च्या, म्हणजे 0.22 इंच जाडीच्या छोट्या काडतुसाचं उदाहरण घ्या. मुलांना नेमबाजी शिकवायला हेच वापरतात, खारी-सशांच्या शिकारीलाही हेच. पाचशेचं खोकं वीस डॉलरच्या आसपास मिळायचं. एवढ्या स्वस्त मालात कारखान्याला मार्जिन बारीक, आणि त्याची यंत्रं वेगळी. मोठ्या काडतुसांची यंत्रं तिथे चालत नाहीत. 2013 मध्ये लोकांनी ही खोकी उचलायला सुरुवात केली आणि पुढची दोन-तीन वर्षं आमच्या फळीवर .22 धड टिकलं नाही. कारखाने रात्रंदिवस चालू होते. पण नवी यंत्रं बसवायची म्हणजे कोट्यवधींची गुंतवणूक, आणि मालकांना ठाऊक असतं की घबराट ओसरली की तेच गिऱ्हाईक पुढची चार वर्षं घरातला साठा वापरत बसणार. म्हणून ते असलेल्या यंत्रांवरच भर देतात.

दुसरी अडचण प्राइमरची. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारा छोटासा पितळी तुकडा म्हणजे प्राइमर. अमेरिकेत तो मोठ्या प्रमाणावर काढणारी नावं चारच: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर, रेमिंग्टन. टंचाईत या कंपन्या आपले प्राइमर आधी आपल्याच काडतुसांत घालतात. जे लोक घरी रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात, त्यांना सुटे प्राइमर मिळेनासे होतात आणि तेही तयार काडतुसांच्या रांगेत येऊन उभे राहतात. 2020 मध्ये याच चारातली रेमिंग्टन दिवाळखोरीत होती. देशात काडतुसांना कधी नव्हे इतकी मागणी आणि एक मोठा कारखाना अडचणीत! शेवटी तिचा काडतुसांचा धंदा व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने घेतला. सीसीआय आणि फेडरल ही दोन्ही नावंही तेव्हा त्यांच्याचकडे होती.

टंचाईत लोक नेमके कुठे जातात? मोठ्या मॉलसारख्या दुकानांत भाव वाढत नाहीत म्हणे, मग छोट्या दुकानात कोण येईल? आणि ऑनलाइन?
— एक किरकोळ दुकानदार, इचलकरंजी

तुम्ही स्वतः धंद्यात आहात म्हणून सविस्तर सांगते.

मोठ्या साखळी दुकानांनी भाव फारसे वाढवले नाहीत हे खरं. पण तो भाव पहाटे रांगेत उभं राहू शकणाऱ्याचा भाव होता. गाडी कोणत्या दिवशी येते हे ठरावीक लोकांना पाठ असे. वॉलमार्टने जानेवारी 2013 मध्ये माणशी दिवसाला तीन खोकी अशी मर्यादा घातली, तेव्हा काही जण बायको, मेहुणा, मुलगा असं अख्खं घर रांगेत उभं करायचे. नऊ वाजता कामावर जाणाऱ्याला किंवा म्हाताऱ्या शिकाऱ्याला रिकामी फळीच दिसायची.

ती खोकी जायची कुठे, ते मी डोळ्यांनी पाहिलं. शनिवार-रविवारी जत्रेच्या मैदानावर गन शो भरतो. लांब टेबलं मांडलेली असतात, काही परवानाधारक दुकानदारांची, काही खासगी माणसांची. आमच्या मालकांचं तिथे टेबल असायचं आणि मी गल्ल्यावर बसायचे. समोरच्या टेबलावर .22 ची खोकी सत्तर डॉलरला लावलेली. एक उचलून उलटं केलं, तर मोठ्या दुकानाचं किमतीचं लेबल नखाने खरवडलेलं, पण पूर्ण निघालेलं नाही. वीस डॉलर आणि काही सेंट, स्पष्ट वाचता येत होतं. म्हणजे मोठ्या दुकानाने भाव धरून ठेवला त्याचा फायदा गरजू गिऱ्हाइकाला झालाच नाही, मधल्या माणसाला झाला.

आमच्यासारख्या छोट्या दुकानाची अडचण वेगळी. डिस्ट्रिब्युटर टंचाईत कोटा लावतो: गेल्या वर्षी किती घेतलंत, त्या प्रमाणात आता मिळेल. छोट्याच्या वाट्याला थोडा माल, आणि तोही चढ्या दराने. लोक म्हणायचे, हा माल तुम्ही जुन्या भावाने घेतलाय, मग महाग का विकता? पण आजचं खोकं विकून आलेल्या पैशात उद्याचं खोकं यायला हवं ना! जुन्या भावाने विकून टाकलं तर पुढची खेप घ्यायला भांडवल अपुरं पडतं. हे गणित तुम्हाला सांगायला नको.

आमच्या मालकांनी मधला मार्ग काढला आणि तो मला आजही बरोबर वाटतो. भाव वाढवला, पण खरेदी वाढली तेवढाच. आणि काउंटरखाली एक वही ठेवली. वर्षानुवर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकांची नावं, कोणाला कोणतं काडतूस लागतं, मागच्या वेळी कधी दिलं. खेप आली की मी वहीप्रमाणे फोन करायचे, माणशी एक खोकं. नवख्या माणसाने बंदूक घेतली तर तिच्यासोबत दोन. काही लोक चिडून गेले, काउंटरवर हात आपटून गेले. पण पुढे मंदी आली तेव्हा दुकान चालू राहिलं ते त्या वहीतल्या माणसांमुळे.

ऑनलाइनबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. परवानाधारक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली बंदूक थेट घरी येत नाही. ती तुमच्या भागातल्या परवानाधारक दुकानात येते, तिथे फॉर्म भरायचा, तपासणी व्हायची, मगच ताब्यात. त्यासाठी दुकान वीस-तीस डॉलर घ्यायचं. टंचाईत काही दुकानांनी हे शुल्क दुप्पट-तिप्पट केलं, काहींनी बाहेरून आलेला माल घेणंच बंद केलं, कारण काउंटरवर माणसं अपुरी होती. काडतुसं मात्र बहुतेक राज्यांत घरपोच येतात. कॅलिफोर्नियात जुलै 2019 पासून त्यांनाही तपासणी लागते.

याच कॅलिफोर्नियात मार्च 2019 च्या अखेरीस एका न्यायाधीशांनी दहापेक्षा मोठ्या मॅगझीनवरची राज्याची बंदी रद्द ठरवली. स्थगिती मिळेपर्यंत, म्हणजे 5 एप्रिलपर्यंत, आठवडाभर दार उघडं होतं. तेवढ्या दिवसांत बाहेरच्या राज्यांतल्या विक्रेत्यांकडून ट्रक भरभरून माल तिथे गेला. कायद्याची तारीख जाहीर झाली की ती तारीखच जाहिरात होते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती खासगी विक्रीची. ओहायोत, आणि इतर अनेक राज्यांत, एका खासगी माणसाने त्याच राज्यातल्या दुसऱ्याला बंदूक विकली तर तपासणी लागत नाही. एरवी बहुतेक लोक दुकानातच येतात, कारण नवा माल, वॉरंटी, वाजवी भाव. दुकानं रिकामी झाली की तेच लोक गन शोमधल्या खासगी टेबलांकडे किंवा ओळखीपाळखीतून घ्यायला वळतात. त्यात बहुसंख्य सरळ माणसं असतात. पण ज्याला तपासणीत नकार मिळाला असता, त्यालाही त्या गर्दीत सहज घुसता येतं. घबराटीतल्या खरेदीचा हा परिणाम भाववाढीपेक्षा वाईट आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

कोविडच्या काळातही असंच झालं का? तेव्हा तर कायद्याची भीती नव्हती.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तेव्हा भीती कायद्यापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांची आणि रिकाम्या रस्त्यांची होती. पोलीस वेळेवर येतील का, असं लोक विचारायचे. मार्च 2020 मध्ये तपासण्या 37 लाखांवर गेल्या आणि पूर्ण वर्षात तीन कोटी 97 लाखांच्या आसपास. आधीच्या वर्षी तो आकडा दोन कोटी 84 लाख होता. तुमच्या राज्यात तर बंदुकांची दुकानं आधी बंद ठेवली होती, मग मार्चच्या शेवटी वेळ ठरवून उघडायला परवानगी मिळाली.

या लाटेत गिऱ्हाईक बदललं. सँडी हुकनंतर आलेल्यांच्या घरी बहुधा आधीच बंदूक होती. 2020 मध्ये आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात घेणारे आले, एकट्या राहणाऱ्या बायका आल्या, आशियाई कुटुंबं आली. हवं होतं ते 9 मिलिमीटरचं पिस्तूल. पन्नास काडतुसांचं खोकं दहा-बारा डॉलरचं होतं. 2021 च्या सुरुवातीला गन शोमध्ये त्याला चाळीस डॉलर पडायचे. नव्याने घेणाऱ्याला सराव करायचा तर काडतुसं नाहीत, आणि शिकवणी वर्ग टाळेबंदीमुळे बंद. न शिकता पिस्तूल घरी नेणारी ती माणसं पाहून माझ्या पोटात गोळा यायचा. काउंटरवर मी प्रत्येकाला कुलपाची पेटी घ्यायला सांगायचे, पुष्कळांनी घेतली.

त्यात तपासणीला उशीर. तीन कामकाजाच्या दिवसांत एफबीआयचं उत्तर आलं नाही, तर दुकानदाराला सर्वसाधारणपणे बंदूक द्यायची मुभा आहे. सक्ती नाही. आमचे मालक उत्तर येईपर्यंत देत नसत, मग गिऱ्हाईक कितीही तापो.

महाग घेणाऱ्यांचं पुढे काय झालं?
— एक वाचक, ठाणे

बहुतेकांचं नुकसान. 2013 च्या उन्हाळ्यापासून गहाणाच्या दुकानांत जवळपास कोऱ्या रायफली दिसू लागल्या. 2016 च्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन जिंकतील या अंदाजाने कंपन्यांनी आणि दुकानांनी माल भरून ठेवला होता. ट्रम्प निवडून आले, बंदीची धास्ती गेली आणि मागणी बसली. पुढच्या दोन वर्षांत साधी एआर-15 चारशे-पाचशे डॉलरला मिळत होती. रेमिंग्टनने मार्च 2018 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तो पहिला. 2020 चा दुसरा. सप्टेंबर 2019 मध्ये कोल्ट कंपनीने सामान्य गिऱ्हाइकांसाठी या रायफली काढणं थांबवलं, कारण बाजारात माल उदंड झाला होता.

आपल्याकडे अशी धावपळ का होत नाही?
— एक वाचक, भुसावळ

होऊच शकत नाही. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे आधी परवाना, त्याला महिनोन् महिने लागतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं. वर्षाला किती काडतुसं घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं. तुमच्या शेजारी वरणगावला आणि पुण्यात खडकीला काडतुसांचे सरकारी कारखाने आहेत, पण म्हणून तिथे कोणी रांग लावू शकत नाही. निवडणुकीच्या काळात तर असलेली शस्त्रंही पुष्कळांना पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात.

मुलगा एच-1बी व्हिसावर टेक्सासमध्ये आहे. बातम्या पाहून त्याला पिस्तूल घ्यावंसं वाटतंय. त्याचा ग्रीन कार्डवाला मित्र म्हणतो, आता भाव वाढायच्या आत मी माझ्या नावावर घेऊन देतो. घेऊ द्यावं का?
— एक आई, सातारा

ताई, अजिबात नको. आज फोन करून सांगा.

एच-1बी हा तात्पुरता व्हिसा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक घेणंच काय, जवळ बाळगणंही सर्वसाधारणपणे गुन्हा आहे, आणि काडतुसांनाही तेच लागू. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू होतात की नाही हे वकिलाने पाहायचं असतं. टेक्सासमध्ये सगळं मोकळं आहे असं त्याला मित्र सांगतील. राज्याचा कायदा सैल असला तरी केंद्राचा कायदा सुटत नाही.

मित्राने स्वतःच्या नावावर घेऊन त्याला देणं हा वेगळा गुन्हा. दुकानातल्या फॉर्मवर स्पष्ट विचारतात, की ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का. तिथे खोटं लिहिलं तर मित्राचं ग्रीन कार्ड धोक्यात, मुलाचा व्हिसा धोक्यात, दोघांना तुरुंगाचीही शिक्षा होऊ शकते. लाटेच्या दिवसांत अशी जोडी काउंटरवर यायची. एक जण फॉर्म भरतोय आणि दुसरा मागून कोणतं मॉडेल हवं ते सांगतोय. आमचे मालक फॉर्म परत घ्यायचे आणि दोघांनाही नम्रपणे बाहेरचं दार दाखवायचे. सगळी दुकानं इतकी काळजी घेतीलच असं नाही, म्हणून मुलालाच सावध करा. भावाच्या घाईचा तर विचारही नको.

भीती खरी असेल तर घराचं कुलूप, दारावरचा कॅमेरा, शेजारच्या दोन कुटुंबांशी ओळख, हे आधी करायला सांगा. आणि त्याच्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाचा नंबर त्याच्याकडे असेलच. काहीही हातात घेण्याआधी त्यांना ईमेलवर, लेखी विचारू दे.